पाण्याच्या रेषेच्या वरचा रंग

सोलापुरात जुन्या बाथरूमचा विषय निघाला की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘एकदाच काय ते फोडून नवं करून टाका.’ दुसरा म्हणतो, ‘एवढा खर्च कशाला? रंग मारून घेऊ, आणखी पाच-सात वर्षं निघतील.’ पहिल्याला टाइलवाला आणि गवंडी साथ देतात, दुसऱ्याला रंगाचा दुकानदार. एका बाबतीत मात्र दोघांचं एकमत असतं. बाथरूम ही एकच वस्तू आहे, बदलायची तर सगळी आणि रंगवायची तरी सगळी, असं दोघेही धरून चालतात. गडबड तिथेच होते. बादली-तांब्याने अंघोळ करणाऱ्या घरात बाथरूमच्या भिंतीवर एक आडवी रेषा असते, आखलेली नसली तरी डागांवरून ओळखू येणारी. तिच्या खाली पाणी उडतं, साचतं, झिरपतं. तिच्या वर जाते ती फक्त वाफ. कमी पैशात बाथरूम सुधारायची असेल तर या रेषेच्या वर रंगाइतकं किफायतशीर दुसरं काही नाही आणि रेषेच्या खाली रंगाइतका फसवा खर्च दुसरा नाही, असं माझं म्हणणं आहे.

‘जुनी बाथरूम’ म्हणजे शहरात एका साच्याची वस्तू नाही. मंगळवार पेठ, शनिवार पेठ, भवानी पेठ अशा जुन्या भागांत दगड-मातीच्या जाड भिंतींची, माळवदाची घरं अजून आहेत. तिथली न्हाणी बहुधा शहाबादी फरशीची. भिंतीला कमरेइतका सिमेंटचा गिलावा, त्यावर चुना नाहीतर ऑइल पेंट, आणि एकेकाळी बंब पेटत असल्याने छताला काजळी. शहाबाद इथून लांब नाही, शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे, त्यामुळे ही फरशी इथे सर्रास वापरली गेली. १८७७च्या जुन्या गिरणीपासून पुढे ज्या गिरण्या आल्या त्यांच्या चाळींत बहुतेकांच्या वाट्याला न्हाणी नव्हे, खोलीच्या कोपऱ्यातली मोरीच आली. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या बाजूंना गेल्या तीन-चार दशकांत झालेल्या बंगल्यांत आणि अपार्टमेंटांत ‘जुनी’ म्हणजे गुलाबी, आकाशी किंवा पिस्ता रंगाच्या टाइलची, मधूनच एखादं कमळ किंवा हंसांची जोडी छापलेली. आणि कुंभारीच्या बाजूला घरकुलं आहेत. गोदूताई परुळेकरांच्या नावाची महिला विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली. तिला आता दोन दशकं होत आली. रे नगरमधल्या १५ हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ रोजी दिल्या गेल्या. कमी खर्चात काय होईल हा प्रश्न खऱ्या अर्थाने या घरांचा आहे. जुळे सोलापुरातल्या गृहस्थाला तो हौसेचा प्रश्न असतो. विडी वळून किंवा यंत्रमागावर राबून हप्ते फेडणाऱ्या बाईला मात्र रंगाचा एक डबा वाया गेला तर तो सहज परवडत नाही.

या सगळ्या घरांना जोडणारी गोष्ट पाणी, किंवा पाणी न येणं. शहराला उजनीचं पाणी येतं, भीमेवरच्या टाकळीचं येतं, १८७१ साली पुरा झालेल्या एकरुखच्या तलावाचंही, ज्याला सगळे हिप्परगा म्हणतात, येतं. तरी घराच्या नळाला ते रोज येत नाही. तीन दिवसांआड, चार दिवसांआड, कधी त्याहूनही उशिरा येतं. त्यामुळे सोलापूरची बाथरूम ही अंघोळीच्या खोलीइतकीच पाण्याचं कोठारही असते. पिंपं, ड्रम, टिपाडं, बांधलेला हौद, रिकामी झालेली तेलाची कॅन. रंगाच्या कंपन्यांच्या पत्रकांत आणि परदेशी गृहसजावटीच्या मासिकांत जी बाथरूम दाखवतात तिच्यात टब असतो, काचेआडचा शॉवर असतो, पण भिंतीला टेकून चोवीस तास उभं असलेलं दोनशे लिटरचं पिंप कुठेच नसतं. पिंपामागच्या त्या वीतभर जागेत वारा फिरत नाही. भरताना सांडलेलं पाणी तिथे उतरतं आणि पुढच्या पाण्याच्या दिवसापर्यंत वाळत नाही. बाथरूममधला रंग पहिल्यांदा सुटतो तो बहुधा याच जागी. म्हणून ‘सोलापूर कोरडं शहर, इथे ओलीचा काय त्रास’ हा नेहमीचा आक्षेप अर्धाच खरा आहे. हवा कोरडी आहे हे खरं, आणि रेषेच्या वरच्या भिंतीला त्याचा मोठा फायदा मिळतो. कोकणात जी बुरशी आठ दिवसांत येते ती इथे महिनोन्महिने येत नाही. पण पिंपामागची भिंत कोकणातच असते.

आता थोडा हिशेब. चार बाय सहा फुटांची, आठ फूट उंचीची मध्यम बाथरूम घ्या. चार भिंतींचं क्षेत्रफळ १६० चौरस फूट, त्यातून अडीच बाय साडेसहाचं दार वजा केलं तर साधारण १४४. टाइल चार फुटांपर्यंत असतील तर त्यांचं क्षेत्र ७० भरतं. टाइलच्या वरची भिंत ७४ आणि छत २४, म्हणजे जवळजवळ १००. जमीन २४. सगळी मिळून १९२ चौरस फुटांची ही खोली, आणि त्यातली निम्म्याहून किंचित जास्त जागा टाइलच्या वरची आहे. शिवाय उभ्या माणसाची नजर चार फुटांच्या वरच पडते. बाथरूम कळकट दिसते म्हणून आपण ज्या टाइलना दोष देतो, त्या पुष्कळदा धडधाकट असतात. कळकटपणा असतो तो वरच्या पोपडे सुटलेल्या भिंतीचा, काळवंडलेल्या छताचा, दाराचा आणि चाळीस वॅटच्या पिवळ्या दिव्याचा. वरच्या शंभर चौरस फुटांना रंगाचे दोन हात द्यायला, एका लिटरमध्ये एका हाताचे शंभर चौरस फूट असा ढोबळ हिशेब धरला तर, दोन लिटर रंग पुरतो. त्यात दार आलं तरी तीन लिटरच्या वर जाणं कठीण.

फोडण्याच्या बाजूचा हिशेबही करून पाहावा. टाइल आणि तिच्यामागचा माल मिळून इंचभर जाडी धरली तर ७० चौरस फुटांतून पावणेसहा घनफूट राडारोडा निघतो, वजनाने सव्वातीनशे किलोच्या आसपास. जमिनीचे २४ चौरस फूट दोन इंच खोल उकरले तर आणखी सव्वादोनशे. म्हणजे अर्ध्या टनाहून जास्त माल गोण्यांत भरून जिन्यावरून खाली आणायचा, तो टाकायला गाडी करायची आणि तेवढ्याच वजनाचा नवा माल वर चढवायचा. टाइलच्या दुकानात चौरस फुटाचा जो भाव सांगतात त्यात यातलं काहीच धरलेलं नसतं. फोडताना जुनी लोखंडी पाइपलाइन हलते आणि प्लंबरचं काम वाढतं, ते वेगळंच. ‘एकदाच करा, नीट करा’ हा सल्ला खोटा नाही, पण तो देणारा या अर्ध्या टनाबद्दल गप्प असतो.

वरच्या भिंतीला कोणता रंग द्यावा, याचं उत्तर भिंत कशाची आहे यावर ठरतं. रंगाची जाहिरात हा प्रश्न विचारतच नाही. दगड-मातीच्या, चुन्याच्या गिलाव्याच्या भिंतीत ओल येते आणि जाते. ती बाहेर पडायला वाट लागते. चुना ही वाट अडवत नाही. भिंतीवर चढलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो, पण त्याची रंध्रं मोकळी राहतात. शिवाय ताजा चुना इतका क्षारधर्मी असतो की बुरशीला त्यावर टिकाव धरता येत नाही. अशा भिंतीवर चकचकीत ऑइल पेंट मारला की ओल आत कोंडते, बाहेर यायला जोर करते आणि वर्षाच्या आत रंगाला फोड येतात. मग रंगारी म्हणतो कंपनी खराब, दुकानदार म्हणतो रंगाऱ्याने घासलं नाही. भिंत ओली होती हे दोघेही सांगत नाहीत. चुन्याविरुद्धची तक्रार मात्र खरी आहे. तो हाताला लागतो, टांगलेल्या कपड्यांना लागतो, आणि गरिबीचं लक्षण मानला जातो. पहिल्या दोन तक्रारींवर चुन्यात डिंक किंवा सरस घालण्याचा जुना उपाय आहे, थोडा नीट चाळला आणि पातळ हात दोनदा दिला तर तो पुष्कळ सुधारतो. तिसरीवर उपाय नाही.

सिमेंटच्या गिलाव्याची गोष्ट वेगळी. तिथे लोक अजूनही हटकून ऑइल पेंट मागतात, कारण तो धुता येतो. पण नव्या सिमेंटमधला क्षार तेलाशी झगडतो आणि तेलाचा साबण करून टाकतो. म्हणून गिलावा नवा असेल तर निदान महिनाभर ऑइल पेंटचं नाव काढू नये. माझ्या मते बाथरूमच्या वरच्या भिंतीला आणि छताला सगळ्यांत योग्य रंग म्हणजे बाहेरच्या भिंतीसाठी मिळणारं चांगल्या प्रतीचं इमल्शन. ते पाऊस झेलायला बनवलेलं असतं, त्यात बुरशीरोधक घटक असतात, ओलसर फडक्याने पुसता येतं आणि ऑइल पेंटइतकं भिंतीला गुदमरवत नाही. खाली पुट्टी लागलीच तर पांढऱ्या सिमेंटची लावावी. खडूच्या भुकटीची घरगुती पुट्टी बैठकीत चालून जाते, बाथरूममध्ये वाफेने फुगते. आणि आधी ओल तपासावी. हातभर पॉलिथिनचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक दिवस-रात्र ठेवावा. दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला दव धरलं असेल तर पाणी भिंतीतून येत आहे, आणि ते कुठून येतं हे कळेपर्यंत कोणताही रंग देणं व्यर्थ.

मुहूर्ताचा मुद्दा इथेच घ्यावा लागतो. रंगकाम दिवाळीच्या तोंडावर करायचं हा आपला शिरस्ता. पण सोलापुरात सगळ्यांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. म्हणजे भिंतींनी वर्षातली सगळ्यांत जास्त ओल प्यालेली असते तेव्हाच आपण त्यांच्यावर रंगाचा पडदा ओढतो. शिरस्ता पडला तो चुन्याच्या काळात. चुन्याला ओलसर भिंत चालते, किंबहुना चुना लावण्याआधी भिंतीवर पाणी मारावं लागतं. रंग बदलला, मुहूर्त तोच राहिला. बाथरूमपुरता तरी हा कार्यक्रम फेब्रुवारी-मार्चवर ढकलावा. एप्रिल-मे आणखी कोरडे, पण चाळीस अंशांवर पारा गेला की रंग ब्रशावरच सुकायला लागतो, वरची साय धरते आणि आतला थर कच्चा राहतो. त्यात पाण्याची ओढही असते. दिवसही निवडता येतात. पाणी येऊन गेलं, पिंपं भरून अंगणात नाहीतर गच्चीत हलवली, की पुढच्या पाण्याच्या दिवसापर्यंत जे दोन-तीन कोरडे दिवस मिळतात ते वरच्या भिंतीच्या दोन हातांना पुरतात. पाण्याच्या टंचाईने या शहराला दिलेली ही एवढीच सवलत.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यांत वजनदार आक्षेप टाइलच्या रंगाचा आहे. आता दोन डब्यांचा इपॉक्सी रंग मिळतो, तो थेट टाइलवर बसतो, मग रेषेच्या खालीही रंग का नको? तो रंग चांगला असतो, आणि नीट बसला तर बेसिनमागच्या किंवा आरशाखालच्या टाइलवर वर्षानुवर्षं टिकतो. मात्र ‘नीट’ या शब्दात काय काय येतं ते पाहावं. टाइलची चकाकी ही काच असते आणि काचेला रंग धरत नाही. म्हणून प्रत्येक टाइल पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासावी लागते. इथल्या बोअरच्या जड पाण्याने टाइलवर क्षाराचा जो पांढरट थर बसतो तो खरवडून काढावा लागतो, नाहीतर रंग टाइलला न चिकटता त्या थराला चिकटतो आणि त्याच्यासकट निघतो. सांध्यांतलं सुटं पांढरं सिमेंट काढून पुन्हा भरावं लागतं. सिलिकॉन लावलेलं असेल तर पूर्ण काढावं लागतं, कारण त्यावर काहीच बसत नाही. मग प्रायमर, मग दोन हात, आणि मग आठवडाभर पाणी नाही. रंग दुसऱ्या दिवशी वाळल्यासारखा वाटतो. आतून घट्ट व्हायला त्याला एवढा वेळ लागतोच. आता सहा माणसांच्या आणि एकाच बाथरूमच्या घरात आठवडाभर कोरडी राहणारी बाथरूम कुठून आणायची? उन्हाळ्यात हा माल आणखी अडवतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की दोन डब्यांतली रासायनिक क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते, म्हणून दुपारी कालवलेला इपॉक्सी भांड्यातच घट्ट होऊन बसतो.

एवढं सगळं साधलं तरी पिंपाचा प्रश्न राहतोच. भरलेलं पिंप सरकवताना भिंतीला घासतं, लोखंडी बादलीची कडी आपटते, कपड्यांचा ब्रश फिरतो. एका जागी टवका उडाला की पाणी कडेने आत शिरतं आणि रंग सापाच्या कातीसारखा सुटत जातो. गुलाबी टाइलवरचा पांढरा रंग असा तुकड्या-तुकड्यांनी गेलेला दिसतो तेव्हा ती बाथरूम आधीपेक्षा वाईट दिसते, आणि ती मूळपदावर आणायला रंगवण्यापेक्षा जास्त मेहनत पडते. भाड्याच्या घरात फोडता येत नाही म्हणून टाइल रंगवाव्यात, असंही सुचवलं जातं. उलट भाडेकरूने तर ते मुळीच करू नये. वरच्या भिंतीचं इमल्शन घरमालक हसून स्वीकारेल, सुटलेल्या टाइलच्या रंगावर अनामत रक्कम अडेल. जमिनीला रंग देण्याबद्दल तर बोलायलाच नको. साबणाच्या पाण्यात चकचकीत रंगाची जमीन म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या मांडीचं हाड.

शॉवर असलेल्या घरात रेषा कुठे, असंही कोणी विचारेल. जिथे शॉवर रोज चालतो तिथे त्या एका भिंतीवर ती शॉवरच्या उंचीइतकी वर जाते. तेवढ्या भिंतीला टाइल वाढवून घ्याव्यात, बाकी तीन भिंतींचा हिशेब बदलत नाही. जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवण्याचा मध्यममार्गही आहे, आणि तो टाइलच्या रंगापेक्षा बरा. राडारोडा नाही, पाइपलाइन हलत नाही. मात्र आधी प्रत्येक जुनी टाइल नाण्याने ठोकून पाहावी. पोकळ आवाज येणाऱ्या टाइलवर नवीचं वजन टाकलं तर दोन्ही एकदम खाली येतात. जमिनीवर हा उपाय करताना अर्धा इंच पातळी वाढते, दार खालून कापावं लागतं आणि नहाणी ट्रॅपकडचा ढाळ बिघडू शकतो. पीव्हीसीच्या पट्ट्यांबद्दल थोडक्यात सांगायचं तर त्या ओल झाकतात, ओलीचा बंदोबस्त करत नाहीत, आणि मागे झुरळांना पक्कं घर मिळतं.

झाकण्याचा हा दोष रंगातही आहे. ओव्हरहेड टाकी पुष्कळ घरांत नेमकी बाथरूमच्या स्लॅबवर ठेवलेली असते. ती भरून वाहिली की पाणी स्लॅबमध्ये मुरतं, आतल्या सळ्या गंजतात, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि खालचं प्लास्टर फुगून सुटतं. छतावर सळईच्या रेषेत तपकिरी डाग किंवा लांबट फुगवटा दिसत असेल तर तिथे रंगाऱ्याआधी गवंड्याला बोलवावं. दुसरी गोष्ट जुन्या ऑइल पेंटची. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावं, हा केंद्राचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या दारा-खिडक्यांवरच्या थरांत शिसं असण्याची शक्यता धरूनच चालावं. असे थर कोरडे घासले की धूळ घरभर होते, आणि रांगत्या मुलाला तिचा सगळ्यांत जास्त धोका. पाणी मारून ओला पॉलिश पेपर वापरावा, निघालेला रंग कागदावर धरून टाकून द्यावा. तिसरी आणि सगळ्यांत गंभीर गोष्ट गॅस गिझरची. बाथरूम ‘नीटनेटकी’ करण्याच्या भरात वरचा जाळीचा झरोका रंगवून, पुठ्ठा लावून किंवा काच बसवून बंद केला जातो. बंद खोलीत पेटणारा गॅस गिझर कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, धूर नाही, आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत काही कळत नाही. झरोका रंगवायचा तर जाळी रंगवावी, वाट उघडी ठेवावी. आणि शक्य असेल तर गिझर बाथरूमच्या बाहेरच काढावा.

रेषेच्या खाली मग काय करायचं? रंगात वाचलेले पैसे तिथे घालायचे. टाइल शाबूत असतील तर त्यांचा क्षार काढणं आणि सांधे नव्याने भरणं, एवढ्यानेही जुनी बाथरूम दहा वर्षांनी तरुण दिसते, कारण टाइल जुनी दिसते ती बहुधा तिच्या काळ्या पडलेल्या सांध्यांमुळे. इपॉक्सी रंगावर जे पैसे घालणार होतो ते इपॉक्सी ग्राउटवर घालावेत; ते पाणी पीत नाही आणि काळं पडत नाही. क्षार काढताना ॲसिड ओतण्याची इथे जी सर्रास सवय आहे ती मात्र सोडावी. ॲसिड क्षाराबरोबर सांध्यातलं सिमेंटही खातं, आणि शहाबादी तर मुळात चुनखडीचाच दगड असल्याने ॲसिड पडताच फसफसतो आणि खरबरीत होतो. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो, हेही घरात काम करणाऱ्या बाईला कुणी सांगत नाही. पातळ व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व टाइलवर मुरवून घासलं तर वेळ लागतो, पण टाइल राहते. शहाबादीवर तेही नको, तिथे साबण, ब्रश आणि चिकाटी.

रंगछटेबाबत एक सोलापुरी विचार हवा. सध्या गडद राखाडी, शेवाळी, जवळजवळ काळ्या भिंतींची फॅशन आहे, चित्रात त्या देखण्या दिसतातही. जड पाण्याच्या गावात गडद भिंतीवर प्रत्येक शिंतोडा वाळून पांढरा ठिपका होतो आणि महिन्याभरात भिंत देवी आल्यासारखी दिसते. फिकट रंगावर तोच क्षार लपतो. गुलाबी टाइलशी भांडणारा रंग निवडण्यापेक्षा वर मोतिया किंवा फिकट राख घ्यावी. गुलाबी मग जुनाट न वाटता मुद्दाम निवडल्यासारखा वाटतो. हंसांच्या जोडीलाही सूट द्यायला हरकत नाही.

दाराबद्दल दोन वाक्यं जास्त. बाथरूमचं लाकडी दार कुजतं ते खालून, आणि खालची कड ही दाराची अशी एक बाजू आहे जिला सहसा कधीच रंग लागलेला नसतो, कारण दार चौकटीत असताना तिथे ब्रश पोचत नाही. बिजागरीचे स्क्रू काढून दार आडवं ठेवावं, खालची आणि वरची कड कोरडी होऊ द्यावी, आधी प्रायमर आणि मग ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत. चकचकीत ऑइल पेंटची खरी जागा बाथरूममध्ये हीच आहे. कड आधीच भुसभुशीत झाली असेल तर तेवढा भाग कापून खाली ॲल्युमिनियमची पट्टी ठोकली तरी दार आणखी बरीच वर्षं काढतं.

उरतो तो रंगारी. चौरस फुटावर मजुरी घेणाऱ्या माणसाला शंभर चौरस फुटांचं काम परवडत नाही. तो येतो तेव्हा दुसऱ्या मोठ्या कामाच्या फटीत येतो, घासणं आटोपतं घेतो आणि एका दिवसात दोन्ही हात मारून जातो. दोष त्याचा कमी, हिशेबाच्या पद्धतीचा जास्त. या कामात रंग लावण्याचा वेळ थोडा आणि खरवडणं, धुणं, पुट्टी, वाळण्याची वाट पाहणं यांचा जास्त, आणि चौरस फुटाच्या दरात वाट पाहण्याचे पैसे नसतात. म्हणून बाथरूमचं काम रोजावर द्यावं, तयारीचा दिवस वेगळा ठरवावा आणि त्याचा रोज वेगळा मोजावा. शेजारच्या दोन घरांच्या बाथरूम एकत्र करून दिल्या तर त्यालाही पहिलीतली पुट्टी वाळेपर्यंत दुसरीत हात चालवता येतो. घरकुलांसारख्या वस्तीत, जिथे एका ओळीतली घरं एकाच मापाची आणि एकाच वयाची आहेत, तिथे दहा घरांनी मिळून वीस लिटरची एक बादली घेतली तर डब्यांपेक्षा ती स्वस्त पडते आणि रंगाऱ्याला सलग आठवडाभर काम मिळतं. छटा मात्र सगळ्यांना एकच घ्यावी लागेल, आणि ती कोणती हे ठरवण्यात बहुधा रंगकामापेक्षा जास्त दिवस जातील.